ओट्यावरची परवानगी

काष्टीतल्या एका घराच्या ओट्यावर बसून मी एका चांगल्या नटीच्या सासऱ्यांना सांगितलं, की सिनेमावाल्यांचं काही खरं नसतं. ही माझी चूक.

चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. एका सत्काराच्या भाषणात समोर बसलेल्या अध्यक्षांना श्रद्धांजली वाहिली. स्पर्धेच्या दिवशी आमच्या नाटकाचा सेट भलत्याच गावाला पाठवला आणि रंगमंचावर दोन बाकं टाकून राजवाडा दाखवला. या सगळ्या चुका मी चवीनं सांगतो. लोक हसतात, चहा पाजतात, आणखी एक सांगा म्हणतात. ओट्यावरचीही मी बरीच वर्षं अशीच सांगत होतो. अलीकडे सांगता सांगता मधेच थांबायला होतं. तेहतीस वर्षं मास्तरकी केली, पण पोरांनी माझं एक वाक्य कधी मनावर घेतलं नाही. हे एकच वाक्य एका माणसानं अगदी शब्दाला शब्द मानलं.

घर माझं नगरला, सावेडीत. नोकरी श्रीगोंदा तालुक्यात. सोमवार ते शनिवार काष्टीत खोली करून राहायचो आणि रविवारी घरी जाऊन आठवडाभराचं एकदम ऐकून घ्यायचो. शाळा सुटली की त्याच वर्गात बाकं बाजूला सारून नाटक बसवायचो. नगरला दरवर्षी राज्यस्पर्धेची प्राथमिक फेरी व्हायची, तीत आम्ही दरवर्षी पडायचो आणि पुढच्या वर्षीच्या तालमी सुरू करायचो.

नट आमच्याकडे भरपूर. सोसायटीचा सेक्रेटरी, एक कंपाउंडर, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, ग्रामपंचायतीचा शिपाई, सगळ्यांनाच नायक व्हायचं होतं. बाई मात्र मिळायची नाही. एका वर्षी वैतागून मी नायिकेला टेलिफोनच्या पलीकडे ठेवलं. नायक दोन अंक एकटाच फोनवर प्रेम करत राहिला. दुसऱ्या अंकात प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “ठेव आता!” आणि त्या गाढवानं घाबरून खरंच ठेवला. नाटक तिथंच संपलं.

घरातली बाई नाटकात आणायची तर दिग्दर्शकानं तिच्या घरी जाऊन विचारायचं, ही आमच्याकडची रीत. आणि विचारायचं ते तिला नाही, ओट्यावर बसलेल्या माणसाला. या कामात मी वस्ताद झालो होतो. चहा येईपर्यंत नाटकाचा विषय काढायचा नाही. आधी ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते विचारायचं, मग दुधाला फॅट किती लागतं ते. मग आपण मास्तर असल्याची हळूच आठवण करून द्यायची. बाई स्वतः आत दाराआड उभी असायची. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला की समजायचं, ती ऐकते आहे. तीस वर्षांत मी अशा किती ओट्यांवर बसलो, आठवत नाही. कुणी लग्न होऊन गेली, कुणाला दिवस गेले, कुणाच्या दिराचं लग्न ठरलं आणि पाहुणे काय म्हणतील म्हणून बंद झालं. आमच्याकडे नटीचं करिअर म्हणजे लग्नाआधीची दोन वर्षं आणि पोरं शाळेत जायला लागल्यावरची चार-पाच. नटाचं करिअर दाताची कवळी तोंडातून पडेपर्यंत चालतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

ती मला बाजारात सापडली. काष्टीच्या आठवडे बाजारात जनावरांची गर्दी असते. ती अंगणवाडी सेविका होती, तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची. वरून हुकूम आला म्हणून चार सेविका कुपोषणावरचं पथनाट्य करत होत्या. तीन जणी कागद बघून बोलत होत्या. ही मेलेल्या मुलाच्या आईचं काम करत होती आणि हातात कागद नव्हता. माझ्या शेजारी दोन माणसं एका बैलाचा सौदा करत होती. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात, तसा. तिनं रिकाम्या झोळीला झोका दिला आणि त्या दोघांची रुमालाखालची बोटं थांबली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले, हातात हात तसेच. पथनाट्य संपल्यावर एकजण म्हणाला, “कुठवर आलो हुतो आपन?” दुसऱ्याला सांगता येईना. सौदा पहिल्यापासून करावा लागला.

मी त्याच आठवड्यात तिच्या घरी गेलो.

ओट्यावर सासरे बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, सूनसुद्धा. बागायती शेतकरी, ऊस आणि चार गाई, मोजकं बोलणारा माणूस. नवरा कारखान्यावर कामाला, तो आबांपुढे तोंड उघडायचा नाही. मी फॅटपर्यंत पोचलो, चहा आला, विषय काढला.

“मास्तर, नाटकात असतं काय?” आबांनी विचारलं.

“काही नसतं, आबा.”

“काईच नसतं तर मंग करताय कशाला?”

शेवटी आबांनी अटी घातल्या. तालीम संध्याकाळी पाच ते सात, मास्तरनं स्वतः घरून न्यायचं आणि घरी आणून सोडायचं. परक्या माणसाचा हात लागायचा नाही. आणि नाटक आधी आबांना वाचून दाखवायचं, सगळं.

मग मी दर वर्षी त्या ओट्यावर बसून नाटक वाचू लागलो. आबा डोळे मिटून ऐकायचे. पहिल्याच नाटकात त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “हा डॉक्टर तिचा हात का धरतोय?”

“नाडी बघायला, आबा.”

“थर्मामीटर लावा.”

आम्ही थर्मामीटर लावला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की थर्मामीटरचा प्रतीकात्मक वापर विचार करायला लावतो. मी तो शेरा आबांना वाचून दाखवला. त्यानंतर ते स्वतःला निम्मे लेखक समजू लागले. त्यांच्या सूचना माझ्यापेक्षा बऱ्या असायच्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सात वर्षं ती आमच्या नाटकांत होती. पाचला पाच मिनिटं कमी असताना घराच्या दारात उभी. अंगणवाडीतून आलेली, घरचा स्वयंपाक अर्धा करून ठेवलेला, दोन पोरं आबांजवळ. तालमीत ती कधी फार बोलली नाही. मी तिला ताई म्हणायचो, ती मला सर. मी लांबलचक समजावून सांगायचो, पात्राची मानसिकता वगैरे. ती ऐकून घ्यायची आणि “करून बघू का?” एवढंच म्हणायची. करून दाखवलं की मी सांगितलेलं सगळं फालतू होतं हे सगळ्यांना दिसायचं. अभिनयाचं रौप्यपदक तिला दोनदा मिळालं. दोन्ही वेळा पेपरात बातमीखाली माझा फोटो आला, कारण संस्थेतर्फे बातमी मीच द्यायचो. मी तिला घडवलं, असं मी सगळीकडे सांगत असे. बाजारातल्या त्या दोन माणसांची थांबलेली बोटं मी सोयीनं विसरलो होतो.

सातव्या वर्षी आमचं नाटक पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलं. आणि त्याच वर्षी पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक शाळेत मला भेटायला आला. त्यानं नगरला तिचं काम पाहिलं होतं. त्याच्या सिनेमात नवरा गेलेली, दोन लेकरांची, माळावर शेळ्या राखणारी बाई होती. सगळा सिनेमा तिच्याभोवती. शूटिंग राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या माळावर, चाळीस दिवस.

“सर, मला त्याच हव्यात,” तो म्हणाला. “लिहिताना आता दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. तुम्ही तेवढी घरची परवानगी काढून द्या. सगळे म्हणतात, तुमच्या शब्दाबाहेर ते जात नाहीत.”

अंतिम फेरी त्या चाळीस दिवसांच्या बरोबर मध्ये येत होती. तो म्हणाला, प्रयोगासाठी दोन दिवस सोडतो, गाडीनं नेऊन आणतो. तालमीला तेवढी दुसरी कुणी उभी करा.

आता माझं ऐका. माझ्या नाटकाची नटी प्रयोगापुरती गाडीतून उतरणार, काम करणार, आणि पुन्हा गाडीत बसून जाणार. तीस वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरी, आणि माझ्या तालमीत तिच्या जागी शिपाई उभा राहून तिची वाक्यं वाचणार. मला ते फार लागलं. मी त्याला “बघू” म्हणालो.

ती मात्र त्याच दिवसापासून कामाला लागली. शेजाऱ्याची एक शेळी मागून आणली, कारण यांच्याकडे गाई होत्या, शेळी नव्हती. तिला चारायला नेऊ लागली, दूध काढायला शिकली, चालताना शेळीकडे न बघता ती कुठं आहे हे कळायला किती दिवस लागतात याचा अंदाज घेऊ लागली. सुपरवायझर बाईंना आधीच विचारून रजा जमवून ठेवली. नवऱ्याला तिनं कसं तयार केलं कोण जाणे. तो म्हणाला होता, आबा हो म्हणाले तर माझं काही नाही. एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी सोडताना ती मागून म्हणाली, “सर, मी आजवर कशालाच हट्ट नाही केला. ह्याला करायचाय. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी बघते.”

त्या सात वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

रविवारी नगरला न जाता मी आबांकडे गेलो. ऊस, फॅट, चहा या वेळी काही लागलं नाही. आबांनी थेट विचारलं, “मास्तर, ते पिक्चरवाले म्हनत्यात चाळीस दिस. धाडू का?”

दाराआड बांगड्यांचा आवाज नव्हता.

मी म्हणालो, “सिनेमावाल्यांचं काही खरं नसतं, आबा.”

हे मी अगदी सहज म्हणालो, हसत. पुढे लोकांना सांगताना मी असंच सांगायचो, की बोलायला सुरुवात म्हणून बोललो, यावर आबा काही विचारतील, मग मी म्हणेन पण हा पोरगा चांगला वाटतो, वगैरे. हे खोटं आहे. मला माहीत होतं, हा माणूस माझ्या एका शब्दावर उठतो-बसतो. थर्मामीटरपासून माहीत होतं. आबा काही विचारणार नाहीत, हे माहीत असूनच मी ते वाक्य निवडलं. मी खोटं बोलतोय असंही कुणी म्हणू शकलं नसतं. सिनेमावाल्यांचं खरं नसतं, हे कुणीही सांगेल. आणि आणखी एक सांगून टाकतो. फक्त अंतिम फेरीचंच कारण नव्हतं. सिनेमात ती चमकली असती, तर तिला घडवणारा म्हणून लोकांनी त्या पोराचं नाव घेतलं असतं.

आबांनी मान हलवली. “बरं झालं सांगितलं,” म्हणाले, आणि गाईंना पाणी दाखवायला उठले. संपलं.

ती चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्यापुढे ठेवला.

“साखर बरोबर आहे ना, सर?”

जास्त झाली होती. मी म्हणालो, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना ती नेहमीसारखी घराच्या दारात उभी होती. मला वाटलं, चला, फार मनाला लावून घेतलं नाही. असं वाटायला माणूस किती बिनडोक असावा लागतो, हे मी तुमच्यावर सोडतो. तिनं तालमी सगळ्या केल्या. अंतिम फेरीत तिनं चोख काम केलं. वाक्य न् वाक्य जागेवर, हालचाल न् हालचाल मी सांगितलेली. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं मी सांगितलेलं जसंच्या तसं केलं, आणि त्या दिवशी मला कळलं की मी जे सांगतो ते किती भिकार असतं. नाटकाला काही मिळालं नाही. तिलाही नाही. परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. घराजवळ उतरताना म्हणाली, “सर, पुढच्या वर्षी दुसरी बघा.”

मला राग आला. मी बायकोला म्हणालो, यांना घडवायचं आणि वर यांनी असं वागायचं. बायको भाजी निवडत होती. तिनं फक्त वर पाहिलं. ती सहसा एवढ्यावर थांबत नाही.

सिनेमा दोन वर्षांनी लागला. आणि इथं मी दुसरा पराक्रम केला. जुन्या मंडळींसाठी जीप ठरवली, तिला आणि आबांनाही बसवलं, आणि सगळ्यांना नगरला सिनेमा दाखवायला घेऊन गेलो. माझा हिशेब असा, की सिनेमा सुमार असणार. नटी मुंबईची, माळ कधी पायाखाली न घातलेली. तो पाहिल्यावर सगळ्यांना वाटेल की बरं झालं नाही गेली ते, आणि मी सुटेन.

सिनेमा चांगला होता. मुंबईच्या बाईनंही जीव तोडून काम केलं होतं, मी तिला नावं ठेवू शकत नाही. एका दृश्यात ती बाई शेळीच्या करडाला दूध पाजते, तेव्हा माझ्या पलीकडून ताई हळूच म्हणाली, “करडू असं धरत नाहीत.” बाकी काही नाही. आमचा टेम्पोचा ड्रायव्हर रडत होता. तो टेलिफोन ठेवणारा नायक तोच.

दिवे लागल्यावर आबा माझ्याकडे वळले. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. मागच्या दोन-तीन रांगांनी ऐकलं.

“मास्तर, ह्यात तर वाईट काईच न्हाई.”

“हो, आबा.”

“कुनी हात सुदिक लावला न्हाई तिला. सगळा टाइम शेळ्याच हायत.”

“हो.”

“मंग तुमी तसं का म्हनला हुता?”

मी म्हणालो, “तेव्हा वाटलं तसं.” आबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. आपण ज्या तराजूवर इतकी वर्षं माल घातला तो खोटा निघाला, तर शेतकरी तराजूकडे जसा बघेल, तसे बघत होते. ताई सुनेसारखी खाली मान घालून पदराचं टोक नीट करत होती. त्यानंतर आबांनी मला ओट्यावर बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही.

पुढचं मला इकडून तिकडून कळत गेलं. गावागावांत आता मालिकांचं, मोबाईलवरच्या मालिकांचं शूटिंग चालतं. गर्दीला बायका लागतात. ती एकदा गेली होती म्हणे. प्रेतयात्रेतल्या बायकांमध्ये बसून रडायचं काम होतं. तो ड्रायव्हरही त्याच यात्रेत खांदेकरी होता, त्यानं मला सांगितलं. ती रडायला लागली आणि शूटिंगवाले कॅमेरा सोडून तिच्याकडेच बघायला लागले. मग कुणीतरी येऊन म्हणालं, “मावशी, एवढं नको. मेन हिरॉइन मागं पडतेय. तुम्ही जरा त्या खांबाआड बसा.” ती उठून खांबाआड बसली. “सर, खांबाआडसुद्धा तशीच रडत होती,” ड्रायव्हर म्हणाला, “पण ते कुठं दिसलं नाही.” पुन्हा ती गेली नाही.

मी निवृत्त झालो, सावेडीत कायमचा राहायला आलो. सकाळी फिरायला जाणारी चार माणसं मिळाली, त्यांना मी माझ्या चुका सांगू लागलो. ओट्यावरची आली की मधेच थांबायचो, ते म्हणायचे, पुढं? मी म्हणायचो, पुढं काही नाही.

गेल्या वर्षी पेपरात वाचलं, की तो दिग्दर्शक पुन्हा आपल्या जिल्ह्यात सिनेमा करतोय. खटपट करून त्याचा नंबर मिळवला. त्यानं ओळखलं. मी म्हणालो, त्या ताई आहेत अजून. तो म्हणाला, “चाळिशीच्या पुढची एक बाई आहे माझ्याकडे. मोठं काम आहे. मी प्रसंग पाठवतो, मोबाईलवर व्हिडिओ करून धाडा. पण सर, या वेळी घरचं तुम्ही विचारू नका, त्यांनाच विचारू द्या.” त्यालाही सगळं माहीत होतं.

मी एसटीनं काष्टीला गेलो. आबा ओट्यावर खाटेवर पडून होते, कान गेलेले. मी कोण ते त्यांना दोनदा सांगावं लागलं. कशाला आलो तेही ओरडून सांगितलं.

“आता धाडा की कुटं बी,” आबा म्हणाले. “मी कशापायी अडवू? मी तवा बी अडवलं नव्हतं. तुमी म्हनला म्हनून.”

ती आतून आली. केस कपाळावर पांढरे झालेले. पोरगी नांदायला गेली, मुलगा पुण्याला कंपनीत. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बघू करून.” एकेकाळी ती “करून बघू का?” म्हणायची.

मधल्या खोलीत खिडकीशी बसवून मी मोबाईल धरला. प्रसंग सोपा होता. गावातला एक बडा माणूस या बाईला गोड बोलून एका कागदावर अंगठा उमटवायला लावतो. तिला ते खरं वाटतं. तिची वाक्यं तिनं तोंडपाठ केली होती. समोरच्या माणसाची मी वाचत होतो.

पहिल्या दोन वाक्यांत मला समजलं. उच्चार बरोबर होते, जागा बरोबर होत्या, आणि चेहऱ्यावर काही येत नव्हतं. मी बाजारात पाहिलेली बाई तिथं कुठंच नव्हती. तिलाही ते समजत होतं; ती आत कुठंतरी हात घालून चाचपत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. आम्ही तीनदा केलं. तिसऱ्यांदा तिनं डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न केला, आणि ते पाहवेना म्हणून मी मोबाईलकडे बघत माझी वाक्यं वाचत राहिलो.

“बरं झालं का, सर?”

“उत्तम,” मी म्हणालो. त्या घरात मी बोललेलं हे कितवं खोटं, मोजलं नाही.

आठ दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. फार सभ्यपणे बोलला. “ताई अभिनय करत नाहीयेत, सर. आठवतायत. माझीच चूक असेल, त्या वेळी मी अजून जोर लावायला हवा होता.” मग तो म्हणाला, “व्हिडिओत मागून बोलतंय ते कोण आहे? तो बडा माणूस वाचणारं. ते फार खरं वाटतंय. त्यांचा फोटो पाठवता का?”

मी फोटो पाठवला. पाठवायला नको होता, हे मला पाठवायच्या आधीही कळत होतं. दोन दिवसांत होकार आला. आयुष्यभर मला कुणी नट म्हणून विचारलं नव्हतं. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, आधी तिला जाऊन सांगा, फोनवर नाही. मी पुन्हा एसटीत बसलो. पेढे घेण्याइतका मी मूर्ख नाही. पण स्टँडवरच्या पेढ्यांच्या दुकानासमोर दोन मिनिटं उभा होतो, हे खरं आहे.

ती अंगणवाडीत होती. पोरांच्या वजनाचा दिवस. छताच्या हुकाला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी, झोळीत एक पोर हातपाय झाडत रडत होतं. ती काटा बघून आकडा मोबाईलमध्ये भरत होती.

“काय आलं?” तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

“तुमचं नाही झालं, ताई.”

“हं.” तिनं पोराला झोळीतून काढून त्याच्या आईकडे दिलं. “ते मला करतानाच कळलं होतं. एवढं सांगायला कशाला आलात, फोन करायचा.”

मी उभाच होतो. तिनं दुसरं पोर झोळीत ठेवलं.

“अजून काय?”

“माझं झालं.”

तिचा हात झोळीवर थांबला. “तुमचं?”

“मागून वाचत होतो ना, ते त्यांना आवडलं. तोच माणूस. गोड बोलून अंगठा घेणारा. सगळ्या गावाला भला वाटतो तो.” मग मला राहवलं नाही आणि मी विचारलं, “घेऊ का, ताई? तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार.”

काटा हलायचा थांबला. तिनं आकडा वाचला, मोबाईलमध्ये भरला.

“घ्या की,” ती म्हणाली. “ह्या कामाला तुम्हाला तालीम लागायची नाही.”